तळं भांडी देतं, पण एका अटीवर : अद्भुतकथा कशी लिहावी

महाराष्ट्रात बऱ्याच गावांत एका तळ्याची गोष्ट सांगतात. लग्नकार्याच्या आदल्या संध्याकाळी काठावर जायचं, हळदकुंकू वाहायचं, किती भांडी हवीत ते सांगायचं आणि घरी यायचं. सकाळी काठावर भांडी मांडलेली असत. कार्य उरकलं की ती घासूनपुसून परत नेऊन ठेवायची. मग एकदा कुणीतरी एक भांडं घरात ठेवून घेतलं. तेव्हापासून तळं काही देत नाही. कुठे तळ्याऐवजी डोह असतो, कुठे विहीर. ठेवून घेतलेली वस्तू गावागणिक बदलते.

एवढीच गोष्ट. सांगायला एक मिनिटही लागत नाही. पण परीकथा किंवा अद्भुतकथा लिहू पाहणाऱ्याला लागतं ते बहुतेक सगळं तिच्यात आहे, म्हणून या लेखात मी ती शेवटपर्यंत हाताशी ठेवणार आहे. पायरीपायरीने तिची एक नवी, लिहिलेली कथा कशी होते ते पाहू. तुम्ही तुमच्या गावची दुसरी गोष्ट घ्या आणि सोबत लिहीत चला.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नवे लेखक बहुधा चमत्कारापासून सुरुवात करतात. उडते घोडे, सात राज्यांचा नकाशा, हजार वर्षांची वंशावळ, मंत्रांची यादी. पन्नास पानं होतात आणि गोष्ट जागची हलत नाही. गोष्ट हलते ती अटीने. ‘देईन, पण...’ यातल्या ‘पण’पाशी वाचक कान टवकारतो.

पहिली पायरी : कानाने गोळा करा

घरातल्या किंवा गावातल्या वयस्कर माणसाकडे जा. ‘एखादी लोककथा सांगा’ असं म्हणू नका. तो शब्द ऐकला की माणूस सावरून बसतो आणि शाळेतल्या धड्यासारखं बोलू लागतो. त्याऐवजी विचारा : लहानपणी कुठल्या जागी जायला मनाई होती? तिन्हीसांजेला काय करू देत नसत? विहिरीत आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, आहेत असं कोण म्हणायचं? गोव्यात असाल तर गावच्या राखणदाराबद्दल, गाव राखणाऱ्या दैवताबद्दल, विचारा. मनाईबद्दल विचारलं की गोष्टी आपोआप बाहेर येतात, कारण मनाईच्या मागे नेहमी कुणाचं तरी काहीतरी घडलेलं असतं.

परवानगी घेऊन फोनवर आवाज रेकॉर्ड करा. मग तीच गोष्ट दुसऱ्या माणसाकडून ऐका आणि दोन्हींत कुठे फरक पडतो ते लिहून ठेवा. एकीत भांडं लोभाने ठेवलं असेल, दुसरीत विसरून राहिलं असेल. असा फरक म्हणजे गोष्टीत जिथे सांगणाऱ्यांचंच एकमत नाही ती जागा. नव्या लेखकाला शिरायला वाव तिथेच असतो.

आपल्याकडच्या कथा छापल्या गेल्या त्याही अशाच ऐकीव. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी फ्रिअर हिने १८६८ साली दख्खनमधल्या कथांचा इंग्रजी संग्रह लंडनला छापला. त्या कथा तिला सांगितल्या तिच्या आयाने, अ‍ॅना लिबराता डिसूझा हिने. अ‍ॅनाने त्या आपल्या आजीकडून ऐकल्या होत्या. त्यातल्या पहिल्याच कथेकडे आपल्याला पुढे यायचं आहे.

दुसरी पायरी : अट एका वाक्यात लिहा

रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप याने शंभर रशियन परीकथा उलगडून पाहिल्या आणि १९२८ साली मांडलं की त्यांच्यात एकामागून एक येणाऱ्या एकतीस घटना सापडतात. सगळ्या कथांत सगळ्या नसतात, पण क्रम सहसा तोच राहतो. त्यातली दुसरी घटना म्हणजे मनाई आणि तिसरी म्हणजे मनाई मोडणं. सिंड्रेलाला मध्यरात्रीच्या आत परतायचं असतं. आपल्या कहाण्यांत ‘उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको’ असं बजावलेलं असतं, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की आता कुणीतरी उतणार, मातणार, वसा टाकणार.

तुमच्या गोष्टीतली अट कागदावर लिहा. दहा शब्दांच्या आत बसली पाहिजे. आपल्या तळ्याची अट : *जितकं नेलं तितकं परत ठेवायचं.*

आता ती पारखा. अट मोडली हे डोळ्यांना दिसतं का? भांडी मोजता येतात, म्हणून दिसतं. ‘मन शुद्ध असेल तरच तळं देईल’ अशी अट घातली असती तर गोष्ट तिथेच बसली असती, कारण मन कुणाला मोजता येत नाही. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा : चांगल्या माणसाच्या हातून ही अट मोडू शकते का? फक्त दुष्टच मोडू शकेल अशी अट असेल तर ती बदला. दुष्टाने नियम मोडला की वाचक मान डोलावतो आणि पान उलटतो. भल्या बाईच्या हातून मोडला की तो थांबतो.

तिसरी पायरी : चमत्कार एकच ठेवा आणि त्याला चोख नियम द्या

अ‍ॅनाने सांगितलेल्या त्या पहिल्या कथेत एक जादूगार आहे. त्याचा जीव त्याच्या शरीरात नाही. दूर घनदाट जंगल, त्यात ताडांचं वर्तुळ, वर्तुळाच्या मधोमध एकावर एक रचलेले पाण्याचे सहा घडे, सर्वांत खालच्या घड्याखाली पिंजरा आणि पिंजऱ्यात हिरवा पोपट. पोपट मेला की जादूगार मेला. राक्षसाचा जीव पोपटात ही कल्पना आपण सगळ्यांनीच ऐकलेली असते. मला तिच्यातला नेमकेपणा आवडतो. घडे पाच नाहीत, सात नाहीत, सहा आहेत. शेवटी पोपटाचा उजवा पंख उपटला की जादूगाराचा उजवा हात गळून पडतो. डावा पंख, डावा हात. अशक्य गोष्ट इतक्या हिशोबीपणे घडते की शंका घ्यायला वेळच मिळत नाही.

तळ्यासाठी असाच हिशोब मांडा. तळं फक्त भांडी देतं, अन्न देत नाही, सोनं देत नाही. सांगितलेला आकडाच येतो, एक कमी नाही, एक जास्त नाही. भांडी तांब्याची असतात. त्यांना सांधा नसतो आणि ठोक्यांच्या खुणाही नसतात. संध्याकाळी मागायचं, सकाळी मिळतं. एवढं पुरे.

इथे मोह होतो. ठेवून घेतलेल्या भांड्यातही जादू असावी, त्यातलं पाणी संपू नये, रात्री ते बोलावं, असं वाटतं. करू नका. आपल्या कथेत ते भांडं म्हणजे एक गडू आहे, पाणी प्यायचा साधा गडू. तो काहीही करत नाही. फडताळात पडून असतो. दुसरा चमत्कार आला की पहिल्याचं वजन निम्मं होतं, आणि तिसरा आला की वाचक ओळखतो की लेखक अडला की जादू करतो.

चौथी पायरी : किंमत

श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी पुन्हा वाचा, या वेळी लेखकाच्या डोळ्यांनी. राजाच्या मनात येतं की महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. दवंडी पिटतात. गावातलं सगळं दूध देवळात येतं, तरी गाभारा भरत नाही. मग एक म्हातारी येते. तिने घरच्या लेकराबाळांना दूध पाजलं, गाईवासरांना तृप्त केलं आणि उरलेलं खुलभर दूध आणलं. तेवढ्याने गाभारा भरतो.

कहाणीने किंमत कुठे दाखवली ते बघा. राजाच्या दुधापायी वासरं उपाशी राहिली, पोरं उपाशी राहिली. चमत्काराचा हिशोब गावातल्या खऱ्या भुकेत मांडला आहे. तुमच्या गोष्टीतही किंमत अशीच रोजच्या जगण्यात फेडली जाऊ द्या. ‘जादू वापरली की शक्ती कमी होते’ हे फार ढोबळ झालं. तळ्याने देणं थांबवल्यावर गावात काय झालं? गरिबाघरच्या लग्नात पंगत बसेना. भांडी भाड्याने आणायची तर सावकाराकडून. म्हणजे तळं बंद पडल्याचा फायदा कुणाला तरी झाला. हे लिहिताना मला सावकार सापडला, मी त्याला मुद्दाम शोधायला गेलो नव्हतो. किंमत नीट मांडली की पात्रं अशी आपणहून चालत येतात.

पाचवी पायरी : अट कोणी मोडली, आणि खरंच का

इथे घाई करू नका. सगळ्यांत जास्त दिवस या पायरीला द्या.

दंतकथा म्हणते, कुणीतरी लोभाने भांडं ठेवलं. हे सोपं उत्तर आहे, आणि सोप्या खलपात्राबद्दल मला नेहमी संशय येतो. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र आई झाली. आई असं करेल हे पचत नव्हतं, म्हणून दोष बाहेरच्या बाईवर गेला. गोष्टीत दोष कुणाच्या दारात नेऊन टाकला आहे ते पाहिलं की सांगणाऱ्या समाजाला काय झाकायचं होतं ते कळतं. आपल्या दंतकथेलाही तोच प्रश्न विचारा.

महाराष्ट्रातल्या गावाचं तळं म्हटल्यावर आणखी एक प्रश्न टाळता येत नाही : त्या तळ्यावर कुणाला जाता येत होतं? २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह पाणी घेतलं, कारण ठरावाने खुलं झालेलं तळंही प्रत्यक्षात बंदच होतं. ज्या भूमीत हे घडलं तिथे ‘तळं सगळ्या गावाला भांडी द्यायचं’ हे वाक्य तसंच लिहून पुढे जाता येणार नाही. सगळ्या गावाला म्हणजे कुणाला?

हा प्रश्न विचारला आणि माझी कथा उघडली. सगुणा ही माझ्या कथेतली मुलगी. तिच्या आजीच्या लग्नाची पंगत. तळ्याची भांडी आलेली. वेशीबाहेर राहणारी ठकू मागच्या दाराशी पाणी मागते. आजी, तेव्हाची नवी नवरी, तिला वरून पाणी ओतत नाही, गडू हातात देते. ठकू गडूला तोंड लावून पिते. सासरची माणसं बघतात आणि ठरवतात की हा गडू तळ्यात परत जाणार नाही, तळं बाटेल. आकडा एकाने कमी पडतो. तळं बंद होतं. आणि गाव पुढची पन्नास वर्षं सांगत राहतं की ठकूच्या स्पर्शामुळे तळं रुसलं. तळं मात्र फक्त मोजत होतं.

म्हणजे इथे दोन नियम एकमेकांवर आदळले : एक तळ्याचा, एक गावाचा. दोन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत. चांगल्या अद्भुतकथेच्या तळाशी मला बहुतेक वेळा असाच आदळ सापडतो, म्हणून तुमच्या वहीत दोन रकाने आखा. डावीकडे अद्भुताचे नियम, उजवीकडे माणसांचे. कुठले दोन एकत्र नांदू शकत नाहीत ते शोधा आणि त्यांच्यामध्ये एक भला माणूस उभा करा.

ठकूबद्दल एक सूचना. तिला नाव द्या, ‘एक म्हातारी’ ठेवू नका. आणि तिला केवळ दयेचा विषय करू नका. कथेतला शेवटचा निर्णय तिच्या हाती असला पाहिजे. तो कसा, ते पुढच्या पायरीत येईल.

सहावी पायरी : फट शोधा आणि बुजवा

आता सगुणाला तो गडू सापडतो. परत नेऊन ठेवला की झालं? तसं असेल तर गोष्ट दोन पानांत संपली. म्हणून अटीला दुसरं कलम लागतं : *कार्यात ज्याने भांडं शेवटचं वापरलं त्यानेच ते घासून परत ठेवायचं.* जेवणाऱ्याने आपलं ताट उचलावं ही घरोघरची रीत, म्हणून हे कलम उपरं वाटत नाही.

पण हे कलम गडू सापडल्यावर सांगितलं तर वाचकाला फसवल्यासारखं वाटेल. ते पहिल्याच पानावर, पंगतीच्या गडबडीत, कुणाच्या तरी तोंडून सहज जायला हवं : ‘अगं, शेवटी जेवली त्या मावशीलाच घासू दे, तळ्याची रीत आहे ती.’ वाचक ते वाचतो आणि विसरतो. तेच हवं असतं.

मग घरातल्या तिखट पोराला कथानक सांगा आणि फटी काढायला लावा. सगुणानेच गडूने पाणी प्यायलं आणि परत ठेवला तर? नाही चालणार, कारण ‘कार्यात’ म्हटलं आहे आणि ते कार्य पन्नास वर्षांपूर्वी झालं. ठकू हयात नसती तर? म्हणून ती हयात आहे, खूप थकलेली आहे, आणि तळं आजवर तिने लांबूनच पाहिलं आहे. सगुणापुढचं खरं काम इथे सुरू होतं : ज्या काठावरून तिला हाकललं त्या काठावर, ज्या गावाने तिच्यावर आळ घेतला त्या गावासाठी, ठकूने का यावं? तिने ‘नाही’ म्हटलं तर तेही बरोबरच आहे. हे दृश्य लिहिताना वेळ लागेल. लागू द्या.

सातवी पायरी : जागा आणि वस्तू

‘आटपाट नगर होतं’ म्हणून सुरुवात केली तर गाव कुठलंही असू शकतं, वेग मिळतो. नेमकं गाव घेतलं तर वजन मिळतं. दोन्ही रस्ते चांगले, पण मध्येच बदलू नका. मी नेमकं घेतो आणि सगुणाला तांबटाची मुलगी करतो. तांब्याच्या भांड्यावर ठोके मारून मठारकाम करणाऱ्या घरातली पोर गडू हातात घेताच ओळखेल की यावर एकही ठोका नाही. तिला कुणी सांगावं लागत नाही. आतली कल्हई कुठे गेली, कडेला हिरवा गंज कसा चढला, हे तिच्या नजरेला आधी दिसेल. पात्राला असा एक हातचा धंदा दिलात की अद्भुत ओळखायला त्याच्याकडे स्वतःचं साधन येतं.

आठवी पायरी : वाक्य

अद्भुतकथेत विशेषणांचा पाऊस पडतो. नमुना बघा :

*गूढ धुक्याने वेढलेल्या त्या प्राचीन सरोवराच्या अथांग निळाईतून जणू एक अलौकिक तेज पाझरत होतं.*

आता तोच प्रसंग कहाणीच्या चालीत :

*आजीने काठावर सुपारी ठेवली. म्हणाली, वीस ताटं, वीस गडू, पाच पातेली. सकाळी वीस ताटं होती. वीस गडू होते. पाच पातेली होती. एका पातेल्याला अजून शेवाळ चिकटलेलं होतं.*

पहिल्यात लेखक आश्चर्याने थक्क झाला आहे, त्यामुळे वाचकाला करायला काही उरलं नाही. दुसऱ्यात सांगणारी शांत आहे. शेवाळ तेवढं नवीन आहे, आणि भांडी खरोखर पाण्यातून आली हे त्याने पटतं. आपल्या कहाण्या अशाच बोलतात. लहान वाक्यं, क्रियापदं भरपूर, कुणाच्या मनात काय चाललंय याचं वर्णन जवळजवळ नाही. गूढ, रहस्यमय, अलौकिक, जणू, हे चार शब्द पहिल्या खर्ड्यातून सरसकट काढून बघा. बहुतेकदा काही बिघडत नाही.

पुनरावृत्तीला घाबरू नका, पण ती दर वेळी थोडी सरकली पाहिजे. चिमणी दार उघडत नाही, तेव्हा दर वेळी तिचं बाळाचं एक नवं काम निघतं, आणि बाहेर कावळा जास्त भिजलेला असतो. आपल्या कथेत सगुणा गडू तीनदा काठावर नेते. पहिल्यांदा नुसता ठेवते, सकाळी तो तिथेच. दुसऱ्यांदा चिंच लावून लख्ख घासते, सकाळी तिथेच, फक्त दवाने भिजलेला. तिसऱ्यांदा ती एकटी नसते.

नववी पायरी : शेवट

तळ्याची दंतकथा अट मोडण्यापाशी थांबते : ‘तेव्हापासून तळं देत नाही.’ श्रावणातल्या कहाण्या तिथे थांबत नाहीत. वसा टाकला, दारिद्र्य आलं, मग चूक उमगली, वसा पुन्हा घेतला, गेलेलं परत आलं, आणि साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. मला दंतकथेचा कडूपणा आणि कहाणीची भरपाई दोन्ही हवं आहे. म्हणून ठकू काठावर येते, राखेने गडू घासते, ठेवते. तिची कुणी माफी मागितलेली नाही आणि कथेने ती घाईघाईने मागायलाही लावू नये. मग ती तिथेच उभी राहून तळ्याला पहिल्यांदा काहीतरी मागते : नातीच्या लग्नाला किती ताटं हवीत तो आकडा. मी तिथे थांबेन. सकाळचं दृश्य लिहून बघा आणि मग काढून टाका. ते काढल्यावर कथा अपुरी वाटली, तरच परत घाला.

दहावी पायरी : वाचून दाखवा, मग पाठवा

खर्डा आठवडाभर बाजूला ठेवा. नंतर मोठ्याने वाचा, शक्यतो आठ ते बारा वर्षांच्या मुलांसमोर. जिथे तुमची जीभ अडखळते ते वाक्य मोडा. जिथे मुलं हलायला लागतात तिथे बहुधा तुम्ही काहीतरी समजावून सांगत असता, ते काढा. आणि एखाद्याने नियमावर बोट ठेवलं तर सहाव्या पायरीकडे परत जा, तो प्रश्न मोठ्या वाचकालाही पडणारच आहे.

मासिकाला किंवा दिवाळी अंकाला पाठवण्याआधी त्यांची शब्दमर्यादा विचारून घ्या. तळ्याची ही कथा अडीच-तीन हजार शब्दांत बसते. त्याहून लांबत असेल तर सावकार फार बोलतोय का ते बघा.

मूळ गोष्ट ज्यांच्याकडून ऐकली त्यांना छापण्याआधी तुमचं लिखाण वाचून दाखवा. तुम्ही काय बदललंत ते सांगा, आणि त्यांची हरकत नसेल तर कथेच्या वर त्यांचं नाव द्या. मेरी फ्रिअरने संग्रहात अ‍ॅनाची स्वतःची जीवनकथाही तिच्याच तोंडून सांगितलेली अशी छापली, म्हणून दीडशे वर्षांनंतर आपल्याला तिचं पूर्ण नाव माहीत आहे. तुमचं रेकॉर्डिंगही तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचं नाव लिहून वेगळं जपून ठेवा, आणि त्याची एक प्रत त्यांच्या घरी द्या.